तारपा कुणाचा?

बोईसरमधल्या कुठल्याही हळदीला जा. कोळीगीत, त्याला चिकटून 'सैराट'चं झिंगाट, वर पंजाबी ढोल आणि मध्येच कीबोर्डवर वाजवलेली आदिवासींच्या तारप्याची धून. एका नॉनस्टॉपमध्ये तीन-चार मुलूख, अख्खा मांडव नाचतोय.

नाचावंच. कायद्याचीही हरकत नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर ते उल्लंघन नाही; वरात आणि लग्नातले समारंभही त्यातच आले. तरी गाण्यांच्या रॉयल्टीसाठी पैशांचा तगादा थांबेना, म्हणून २४ जुलै २०२३ ला केंद्राला जाहीर सूचना काढून हे पुन्हा सांगावं लागलं.

मांडवात माफी आहे, यूट्यूबवर नाही. तोच नॉनस्टॉप तिथे चढवला की फिल्मी गाण्याची मालक कंपनी दावा ठोकते. आवाज बंद होतो, नाही तर जाहिरातीचे पैसे कंपनीकडे वळतात. यात चूक काय? अजय-अतुलच्या चालीवर कमवायचं तर परवानगी नको?

आणि तारप्याच्या तुकड्याचं?

त्यावर दावा करायला कुणी येत नाही. कंपनी नाही, वकील नाही, नोंद नाही.

वाळवलेला दुधी, बांबू, ताडाची पानं, मेण. एवढ्यातून ते वाद्य उभं राहतं. भातकापणी आटोपली की तारपकरी मधोमध आणि बाकी सगळे त्याच्याभोवती फेर धरून. सूर तुटू न देता तो तास-तास फुंकतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे कानानं येते, कागदानं नाही. कायद्याला मात्र कागद लागतो.

२०१४ मध्ये तारप्याच्या या मुलखाचा पालघर जिल्हा झाला आणि त्याच वर्षी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चित्रातल्या फेराच्या मधोमध कोण उभा असतो? तारपकरीच. भिंतीवरच्या तारपकऱ्याला संरक्षण मिळालं. वाजवणारा उघड्यावर राहिला.

'अहो, लोकसंगीत आहे ते, सगळ्यांचंच!' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. सगळ्यांचं आहे तर कमाई एकट्याची कशी?

२०२० मध्ये बादशाहचं 'गेंदा फूल' आलं. त्यातल्या बंगाली ओळींच्या श्रेयात फक्त लोकगीत असं लिहिलं होतं. त्या ओळी लिहिणारे रतन कहार बीरभूममध्ये हयात होते. लोकांनी ओरड केली तेव्हा नाव पुढे आलं आणि बादशाहनं पाच लाख रुपये पाठवले. ओरड झाली नसती तर?

ध्रुपद गाणाऱ्या डागरांचं घ्या. ए. आर. रहमानच्या 'वीरा राजा वीरा'त आपल्या घरची बंदिश आहे, असा दावा त्यांनी लावला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दोन कोटी रुपये भरायला सांगितले. सप्टेंबरमध्ये खंडपीठानं तो आदेश रद्द केला. बंदिश गायली म्हणजे ती रचली असं होत नाही, हा त्यातला मुद्दा. ध्रुपदाच्या एवढ्या नामांकित घराण्याची ही गत. मग तलासरीच्या पाड्यावरचा तारपकरी काय सिद्ध करणार?

तरी त्याच्या हातात काहीच नाही असं नाही, आणि हे त्याला कुणी सांगतच नाही. याच कॉपीराइट कायद्यात कलावंताचा स्वतंत्र हक्क आहे. व्याख्येत गायक-वादक आहेत तसे गारुडी आणि कसरतवालेही आहेत. त्याचं वादन त्याच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करता येत नाही, ते ५० वर्षं त्याच्या हक्कात राहतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर वादक म्हणून आपलं नाव लागावं हेही तो मागू शकतो. म्हणजे लग्नात मोबाइलवर टिपलेला तारपा परस्पर मॅशअपमध्ये घालून विकणं साधं नाही, बरं का!

पण तीच धून कीबोर्डवर वाजवली की?

मग हा हक्कही निसटतो. भोक नेमकं इथे आहे. केनियानं २०१६ मध्ये पारंपरिक ज्ञान आणि लोककला यांच्यासाठी वेगळा कायदा केला. आपल्याला कुणी अडवलंय?

तोवर मॅशअपवाल्यांनी सरकारची वाट पाहू नये. व्हिडिओखाली फिल्मी गाण्याच्या कंपनीचं नाव न चुकता लिहिता. तारपा वाजवणाऱ्याचंही लिहा. गाव लिहा, पाडा लिहा. कीबोर्डवर वाजवलीत तर कुणाचं ऐकून वाजवलीत ते लिहा. चार पैसे आले तर त्याचा वाटा त्या घरी पोचवा.

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपकरी भिकल्या लाडक्या धिंडा दिल्लीला सापडले. २०२६ च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. बोईसरहून जव्हार दिल्लीपेक्षा लांब आहे का?