कूट आहे का?

ईशानचे बाबा तुमच्याही सोसायटीत आहेत. मजला वेगळा असेल, गाडीचा रंग वेगळा असेल, पण ओळखायला अडचण यायची नाही. टी-शर्ट उलटा, खांद्यावर वाळलेलं लाळेरं, एका पायात स्वतःची चप्पल नि दुसऱ्यात बायकोची, आणि आवाज कुजबुजता. घरात मूल झोपलंय म्हणून कुजबुजणारे पुष्कळ पाहिले. हे गृहस्थ पार्किंगमध्ये कुजबुजतात, भाजीवाल्याशी कुजबुजतात, बँकेत कुजबुजतात. एकदा रिक्षावाल्याला त्यांनी 'डेक्कन' इतक्या गुपचूप सांगितलं, की त्या बिचाऱ्याने आधी मागेपुढे पाहिलं आणि मगच मीटर टाकलं.

त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. दारावर पाटी आहे, पण तिच्यावर कागद चिकटवलाय : 'बेल वाजवू नये. कडी वाजवू नये. फोन करू नये. बाळ झोपले आहे.' मग नेमकं करायचं काय, हे विचारायला कुरिअरवाला आमच्याकडे येतो, कारण आम्ही त्यांच्या बरोबर खाली राहतो. वॉचमनच्या वहीत त्यांच्या फ्लॅटपुढे नावाच्या जागी नुसतं 'शूऽऽ' लिहिलंय.

ईशान चार महिन्यांचा असताना एका संध्याकाळी ते खाली आले. मला वाटलं, लोणचं मागायला आलेत. "काकू, तुमच्याकडे डाळीला किती शिट्ट्या?" हिने सांगितलं, तीन. "दोन होतील का?" त्या दिवसापासून आमच्या घरी तुरीची डाळ आदल्या रात्री भिजत पडू लागली. मी हिला म्हटलं, की स्वयंपाकघर आपलं आहे, शिट्ट्याही आपल्या आहेत. ती म्हणाली, "हळू बोला."

पुढे भाद्रपद जवळ आला आणि नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला. पुण्यात राहणाऱ्यांना या सरावाबद्दल सांगायला नको. दिव्याचं बटण दाबल्याच्या 'टक्' आवाजाने दचकून उठणारं हे पोर आता काय करणार, या काळजीत आख्खी विंग होती. पोराने काय करावं? पहिला टोल पडला नि ते गाढ झोपलं. तेव्हापासून रात्री दोन वाजता आमच्या डोक्यावर ढोल वाजू लागला, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला. मी तक्रार केली तेव्हा उत्तर कुजबुजत आलं, "काका, हा व्हाइट नॉइज आहे." म्हटलं, पांढरा असो की भगवा, दोन वाजलेत.

वाचन दांडगं. लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन पन्नासएक मिनिटांचं असतं, आपलं नव्वदच्या आसपास, हे मला लिफ्टमध्ये कळलं. बोस्टनच्या डॉक्टर रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली मुलांच्या झोपेवर पुस्तक लिहिलं, हेही लिफ्टमध्येच. पद्धत अशी, की बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवायचं, रडलं तर ठरावीक मिनिटं थांबायचं, मग जाऊन धीर द्यायचा, आणि थांबण्याची मिनिटं दरवेळी वाढवत न्यायची. प्रयोगाच्या रात्री एका खोलीत ईशान रडत होता, दुसऱ्या खोलीत ईशानचे बाबा. मधल्या खोलीत सांगलीहून आलेली आजी होती. मिनिटं वाढण्याची वेळच आली नाही. बाळाला खांद्यावर टाकून ती म्हणाली, "त्या डॉक्टरला म्हणावं, पाच मिनिटं तू रडून दाखव."

आजीची शाळा वेगळी. गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त, संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट, आणि तरीही मूल जागंच राहिलं तर सुनेकडे एक लांब नजर. ती नजर फार बोलते. तिच्यात 'गरोदरपणात काहीबाही खाल्लं असशील'पासून 'दुधावर असताना तिखट खातेस'पर्यंत सगळं येतं. गंमत बघा, बाळाला कडेवर घेऊन बाबा जिन्यात दिसले की अख्खी सोसायटी हळहळते, "केवढं करतो हो पोराचं!" आई दिसली की तिला विचारतात, "अजून झोपत नाही? तुझं काहीतरी चुकतंय."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मूळ मुद्दा कूट.

दहाव्या महिन्यात आषाढी एकादशी आली. आजीने साबुदाण्याची खिचडी बोटांनी मऊ कुस्करून देवाचा घास म्हणून ईशानच्या तोंडात घातला. एवढासा. काही मिनिटांत ओठ सुजला, पोटावर-मानेवर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. ही शिट्टी मात्र कुणाला थांबवता येईना. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं, पोर शुद्धीवर येऊन रडलं, आणि ईशानचे बाबा त्यानंतर जे बदलले ते बदललेच.

त्यांच्या आयुष्यात आता एकच प्रश्न उरला : कूट आहे का?

महाराष्ट्रात राहून हा प्रश्न विचारायचा, म्हणजे विचारायचं धाडसच. कोशिंबिरीत कूट, खमंग काकडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीत कूट, उपवासाला कूट, उपवास सोडायला कूट. हात आखडता घेतला तर सासरची माणसं काय म्हणतील म्हणून आणखी चमचाभर कूट. आणि लोकांची उत्तरं! बारशाला गेले, विचारलं, शेंगदाणे आहेत का? यजमानीणबाई म्हणाल्या, "छे हो, शेंगदाणे कुठले! नुसतं कूट आहे." हळदीकुंकवाला विचारलं. "अगदी थोडं, नावाला." एका लग्नात वाढप्याच्या कानाशी लागून ते कुजबुजले, "कूट आहे का?" वाढपी धावत आत गेला आणि वाटी भरून घेऊन आला. "घ्या साहेब. आणखी लागलं तर सांगा."

दिवाळीत चिवडा आणि संक्रांतीत तिळगूळ, म्हणजे त्यांची कत्तलीची रात्र. 'गोड बोला' म्हणत पुढे आलेल्या प्रत्येक हातावर ते आधी मोबाइलचा टॉर्च मारतात. वाणी त्यांना पाहून पाकिटं उलटीच मांडतो. २०२०च्या लेबलिंगच्या नियमांनुसार पाकिटावर शेंगदाणा, दूध, अंडी, सोयाबीन, गव्हातलं ग्लुटेन अशा गोष्टी असल्या तर तसं छापावं लागतं. हा नियम आमच्या वाण्याला त्यांनी इतक्यांदा ऐकवलाय, की तो आता इतर गिऱ्हाइकांना ऐकवतो. सुट्या मालाला मात्र पाठ नसते. मिठाईवाल्याला विचारलं की तो एकच सांगतो, "काही होत नाही हो." या राज्याचं हे खरं घोषवाक्य आहे. हेल्मेट नाही, काही होत नाही. गच्चीला कठडा नाही, काही होत नाही. कूट आहे, काही होत नाही.

सर्वांत कठीण जातात ती आरोग्यवाली माणसं. आमच्याच विंगेतल्या एक ताई लाकडी घाण्याच्या तेलाशिवाय फोडणी करत नाहीत. त्यांनी ईशानसाठी मुद्दाम भाजणीची थालीपिठं पाठवली. बाबांनी दारातच विचारलं, कुठलं तेल? "शेंगदाण्याचं. पण एकदम शुद्ध! रिफाइंड नाही, काही काढलेलं नाही त्यातून." आता नेमकं हेच दुखणं. भरपूर शुद्धीकरण केलेल्या तेलातून शेंगदाण्याची प्रथिनं बहुतेक निघून गेलेली असतात. घाण्याच्या तेलात ती उरतात, आणि ॲलर्जी असते प्रथिनांची. हे सगळं त्यांनी कुजबुजत समजावून सांगितलं. ताईंना ऐकू आलं फक्त 'रिफाइंड बरं'. दोन महिने अबोला होता.

हळूहळू त्यांनी महाराष्ट्राचा स्वतःचा नकाशा तयार केला. लोणावळ्याला गाडी थांबवायची नाही, चिक्की. सांगलीत भडंग, म्हणजे आजीचं गाव बंद. सोलापूर तर चटणीमुळे कायमचं बाद. उरलं कोकण, जिथे वाटण म्हणजे खोबरं आणि कोशिंबिरीवरही खोबरंच. त्यामुळे दर सुट्टीत हे कुटुंब मालवण नाहीतर गुहागर. समुद्रात पाय न घालता परत येतात, पण चार दिवस पोटभर जेवून येतात. हापूस खाऊन आलात का, असं विचारलं तर म्हणतात, "काका, तिथे कुणाला विचारावं लागत नाही." तिथेही विचारतातच, ही गोष्ट वेगळी.

एकदा आजीला त्यांनी ऐकवलं, की शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, मिरची, बटाटा, सगळं अमेरिका खंडातून आलेलं आहे. ज्ञानेश्वरांनी ही खिचडी पाहिलीसुद्धा नसेल. आजी म्हणाली, "मग विठोबाने तरी कुठे पाहिली होती? खातोय ना मुकाट्याने!" पण गेल्या एकादशीला मी तिच्या पानात पाहिलं. वरीचे तांदूळ, सोबत खोबऱ्याची आमटी. जन्मभर दाण्याच्या आमटीवर वाढलेली बाई. विचारलं तर म्हणाली, "पित्त होतं दाण्याने." आणि विषय बदलला.

मला हा माणूस वैताग आणतो, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल. एका रात्री आमच्या न्हाणीघराचं छत गळायला लागलं. वर गेलो. बेल वाजवायची नाही, कडी वाजवायची नाही, फोन करायचा नाही. कागद वाचत उभा राहिलो. पाय वाजले असावेत, दार आपोआप उघडलं. आत भिंतीला टेकून ईशानची आई बसल्या बसल्या झोपली होती, मलमाची ट्यूब हातातच. ईशान बाबांच्या मांडीवर, आणि त्याची दोन्ही मनगटं बाबांच्या एका मुठीत. कोपराच्या खळग्यांत कातडी लाल, जाडसर, भेगाळलेली. "खाजवतो झोपेत," ते म्हणाले, "सोडलं की रक्त काढतो." मी विचारलं, तुम्ही कधी झोपता? "ऑफिसात मीटिंगा असतात ना."

तेव्हा कळलं, की झोपेचं नि कुटाचं भांडण वेगवेगळं नव्हतंच. लहानपणी इसब जोरात असलेल्या मुलांना शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका जास्त असतो, आणि इसबाची खाज झोपू देत नाही. आम्ही शिट्ट्या मोजत होतो.

त्याच रात्री, बादली छताखाली लावून झाल्यावर, त्यांनी मला लंडनच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. गिडिऑन लॅक यांच्या गटाने इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना नियमाने शेंगदाण्याचं काहीतरी भरवलं, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा दाखवलाही नाही. २०१५ साली निकाल आला : ज्यांना भरवलं, त्यांच्यात ॲलर्जी कितीतरी कमी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली सांगितलं होतं, की धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. तो सल्ला २००८मध्ये मागे घेतला गेला. पण जुना कागद कुठे कुठे फिरतच राहतो. "आम्हाला तो जुनाच मिळाला," ते म्हणाले. "आजी पाचव्या महिन्यापासून म्हणत होती, चाटव सगळं. मीच नाही म्हटलं. जपलं."

तेव्हा दिलं असतं तर काय झालं असतं, ते कुणीच सांगू शकत नाही, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मूठ बदलली. मी खाली आलो नि हिला सांगितलं, की डाळ एका शिट्टीत होते का बघ.

आता ईशान पाच वर्षांचा आहे. इसब आटोक्यात आलंय, रात्रभर झोपतो, सकाळी हलवून उठवावं लागतं. बाबा मात्र दोन वाजता उठतातच. घरात येरझाऱ्या घालतात, चप्पल न घालता, हे आम्हाला खाली ऐकू येतं, म्हणजे ऐकू येत नाही म्हणूनच कळतं. खांद्यावर लाळेऱ्याऐवजी निळी पिशवी आलीय, तिच्यात डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन. आणि ईशान? बापाने पाच वर्षांत जेवढा आवाज वाचवला, तेवढा सगळा पोराच्या गळ्यात उतरलाय. पंगतीत बसला की वरण वाढायच्या आत खणखणीत ओरडतो, "काकू, कूट आहे काऽऽ?" बाबा शरमून त्याला 'शूऽऽ' करतात. तो ऐकत नाही.

यंदाच्या गणपतीत तर तो प्रसादाच्या ताटापाशीच पहारा देऊन उभा राहिला. रोज वेगळ्या घराचा प्रसाद, आणि प्रत्येक घराची उलटतपासणी. रांग पुढे सरकेना. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला. आरती संपली, 'मोरया' झालं, आणि माइकवर घोषणा झाली : "आजचा प्रसाद तीनशे एककडून. रव्याचे लाडू. कूट नाही. पुन्हा सांगतो, कूट नाही!"

मागच्या खुर्चीतले आजोबा कानाचं यंत्र सारखं करत शेजाऱ्याला म्हणाले, "काय म्हणतोय? फूट नाही?"

"नाही म्हणतात."

"निवडणूक तर लागू दे."