गुणिले शंभर

खंडाळ्याचं पोट मुंबईकरांच्या टेन्शनवर चालतं. शनिवारी सकाळी घाटात गाड्यांची रांग लागली, की समजावं, त्यांचा आठवडा वाईट गेलाय आणि आपली भजी खपणार. वैतागलेला माणूस चिक्कीचा भाव विचारत नाही. या गिऱ्हाइकाला खोल्या भाड्याने देऊन, वर बँकेचं कर्ज काढून आमच्या नानांनी मुलाला म्युनिकला एमएसला धाडलं. आता टेन्शन पोराला येतं आणि तिकडचे दुकानदार खूश असतात.

वास्तविक जर्मन सरकार सावध आहे. व्हिसाआधीच वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवायला लावतं आणि महिन्याला ९९२ च हाती सोडतं. आपल्याकडे हे खातं आजीच्या डाळीच्या डब्यात असायचं. निम्म्याहून जास्त रक्कम खोलीभाडं गिळतं, मग आरोग्यविमा. उरलेल्यात चिरंजीव मनःशांती विकत घेतात.

रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात. त्यासाठी हा पठ्ठ्या कडाक्याच्या थंडीत पिशवीभर बाटल्या वाहून नेतो, सव्वादोन युरोंची पावती जपून आणतो. कॉफीचा भाव दिसला की मनात गुणिले शंभर करतो आणि नळाचं पाणी पितो. मात्र थिसिसवरून प्रोफेसरांचा मेल आला, की त्याच रात्री दीडशे युरोंचे बूट! "पप्पा, सेल होता. पन्नास युरो वाचले." ते वाचलेले पाच हजार नाना अजून पासबुकात शोधताहेत.

१९१३ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांवर न्यूयॉर्कला शिकले, पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेत राहिले. नाना हे सांगायला लागले, की म्युनिकचं नेटवर्क जातं.

नानाही काही कमी नाहीत. पोराने नुसतं "बरा आहे" लिहिलं, की यांचा जीव खालीवर आणि लगेच बेसनलाडू कुरिअरने रवाना. लाडवांपेक्षा कुरिअर महाग. खरं तर तिथल्या विद्यार्थी सेवासंस्थेत समुपदेशन फुकट मिळतं. पण तिथे गेल्याचं खंडाळ्यात कळलं तर? त्यापेक्षा बूट परवडले.

नानांच्या त्या कर्जाला पोरगा शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून चढतं. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत त्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते. बुटांवर मिळत नाही.