अस्सल फियाटचा जीर्णोद्धार : शास्त्रोक्त पद्धत

ज्यांना जुनी गाडी नुसती चालवायची आहे त्यांनी हे वाचू नये. त्यांना नाक्यावरचा गॅरेजवाला पुरे. हे मार्गदर्शन गाडी 'ओरिजिनल' करू इच्छिणाऱ्या साधकांसाठी आहे. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून जी रोज थोडी थोडी बदलत आली, तिला उचलून पुन्हा त्या पहिल्या दिवशी नेऊन उभी करायची आणि ते चारचौघांकडून मान्य करून घ्यायचे, असा हा दुहेरी उद्योग आहे. पहिला भाग मिस्त्री सांभाळतो. दुसरा स्वतः करावा लागतो, आणि तोच जास्त खर्चिक आहे.

उदाहरणाला फियाट घेऊ. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसला जाणकार फार असतात. फियाटबद्दल मात्र महाराष्ट्रात प्रत्येकाला सगळे ठाऊक असते, त्यामुळे परीक्षा कडक होते.

आरंभी संकल्प सोडावा : आपली गाडी नेमक्या कोणत्या सालासारखी दिसणार? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. इटलीत फियाटने ही 1100 बाजारात आणली 1953 साली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याला बनवायला घेतली. सुरुवातीची ती गोलमटोल, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' केले. 1964 पासून चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. पुढच्या दशकात तिचेच नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाले, आणि अंगकाठी तीच ठेवून ती 2000 च्या सुमारापर्यंत निघत राहिली. आता 1985 ची पद्मिनी घेतलेला साधक काय करतो? बॉनेटवरचे 'प्रीमियर' काढतो, चोरबाजारातून 'फियाट'चा बिल्ला आणून बसवतो आणि म्हणतो, आता झाली ओरिजिनल. जन्माच्या वेळी जे अंगावर नव्हते ते चढवून अस्सलपणा मिळवण्याचा हा प्रकार शास्त्राला मंजूर आहे. अख्खे राज्य तिला फियाटच म्हणते, तिथे एकट्या बिल्ल्याने खरे बोलून काय साधणार?

संकल्प झाला की गाडी शोधावी. ती चिंचेखाली, ताडपत्रीत, चारही टायर बसलेल्या अवस्थेत सापडली तर उत्तम. कोकणातली गाडी शक्यतो टाळावी. खाऱ्या हवेने पत्र्याचे पीठ होते. देशावरची किंवा विदर्भातली पाहावी. तिथे ऊन रंग खाते, पण पत्रा ठेवते. विकणारा न विचारताच सांगेल की ही पारशी बावाची सिंगल हँड गाडी आहे, दर रविवारी फक्त अग्यारीपर्यंत जायची. या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. आजवर अशा म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांचा हिशोब केला तर मुंबईतल्या प्रत्येक पारशी कुटुंबाच्या दारात गाड्यांची रांग निघायला हवी.

यापुढचा टप्पा खर्चाच्या अंदाजाचा आहे. तो सगळेच गाळतात. आपणही गाळू.

आता सर्वांत महत्त्वाचे : नंबर. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळले की गाडी अस्सल, अशी समजूत आहे. त्यामुळे अनुभवी लोक आधी नंबर विकत घेतात आणि मग त्याच्याभोवती गाडी जमवतात. परदेशात हे काम फार पुढे गेले आहे. एका मोडक्या गाडीची चेसिस एकाकडे जाते, बॉडी दुसऱ्याकडे. दोघेही उरलेला अर्धा भाग नवा बनवून घेतात आणि काही वर्षांनी दोन अस्सल गाड्या एकमेकींना खोटे ठरवत उभ्या राहतात. फियाटमध्ये ही सोय नाही, कारण तिला वेगळी चेसिसच नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तेव्हा "चेसिसला हात लावलेला नाही" असे कुणी छातीठोकपणे सांगितले तर त्याला एवढेच विचारावे की मग सडलेला फ्लोअर कसा बदलला. फियाटचा फ्लोअर सडतोच. मॅटखाली पावसाचे पाणी साचते, आणि एक दिवस ड्रायव्हरच्या बुटाखाली रस्ता दिसू लागतो. तो पत्रा कापून नवा वेल्डिंग केला की गाडीचा कणाच बदलला. पण याला म्हणायचे 'दुरुस्ती'. नटबोल्ट सोडून सहज काढता येणारे इंजिन बदलले, तर तो मात्र 'बदल'.

सरकारनेही यात लक्ष घातले आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, पुन्हा नोंदणीला 5,000. पाटीवर 'व्हीए' अक्षरे येतात. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. यातल्या शेवटच्या सवलतीचा अभ्यास करावा. पेट्रोल भरायला जायची परवानगी आहे, पण कोणत्या पंपावर ते नियमात नाही. लोणावळ्याचे पेट्रोल चांगले असते असे पुण्यातल्या काही मालकांचे मत आहे.

एवढे करूनही कुणी अस्सलपणावर शंका घेतली तर लंडनच्या हायकोर्टाचा 1990 चा निकाल तोंडपाठ असावा. बेंटलीची 'ओल्ड नंबर वन' नावाची रेसची गाडी, 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली. नंतर ती इतक्या वेळा उघडली आणि बांधली गेली की 1932 मध्ये ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर क्लाइव्ह डनफी तिच्यात मेला तेव्हा तिच्यात इंजिनही वेगळे, आठ लिटरचे होते. अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली. पुढे तिचा सौदा झाला एक कोटी पौंडांना, आणि घेणारा म्हणाला की ही ती गाडीच नाही. न्यायमूर्ती ऑटन यांनी सुट्या भागांचा हिशोब लावला. 1929 च्या गाडीतले जवळपास काहीच उरले नव्हते. 1930 च्या गाडीतले उरले होते पेडलचा शाफ्ट, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टीअरिंग कॉलम. तरीही त्यांनी निकाल दिला की हीच ओल्ड नंबर वन. कारण ती कधी मोडीत निघाली नाही, तिच्या जागी दुसरी आली नाही, तिचा इतिहास मध्ये कुठे तुटला नाही.

हा निकाल आपल्याकडच्या मिस्त्रींनी वाचलेला नाही, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या तो पाळत आले आहेत.

"मिस्त्री, यातलं जुनं काय राहिलं?"

"साहेब, गाडी जुनीच आहे. सामान तेवढं नवं टाकलंय."

मला विचाराल तर न्यायमूर्तींपेक्षा मिस्त्रीने हे थोडक्यात सांगितले.

सामानाकडे वळू. कुर्ल्याचा सीएसटी रोड, मटन स्ट्रीटचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार ही या मार्गावरची क्षेत्रे. तिथे कंपनीच्या खोक्यातला, कधीच न वापरलेला जुना माल मिळतो आणि तो सर्वांत पवित्र मानला जातो. रबरी वस्तू घेताना विशेष विचार करावा. चाळीस वर्षे खोक्यात पडलेले होज पाइप किंवा दाराचे बीडिंग शंभर टक्के ओरिजिनल असते आणि बसवताना त्याचा चुरा होतो. म्हणून खोके शोकेसमध्ये ठेवावे, गाडीला नवे रबर लावावे आणि प्रश्न आल्यास खोके दाखवावे.

रंगाचा भाग सावकाश करावा, कारण इथेच सगळा इतिहास पुसता येतो. शेंदराने लिंपलेल्या म्हसोबासारखी जुनी फियाट रंगाच्या पुटांखाली दबलेली असते. मूळ रंग पाहायचा तर डिकीच्या बिजागरीमागे किंवा डॅशबोर्डच्या आत नखाने खरवडावे. पेंटर तिथपर्यंत सहसा पोचलेला नसतो. कधी वरच्या पांढऱ्याखाली पिवळा आणि काळा निघतो आणि पारशी बावा रविवारी मीटर टाकून जात असावेत असे कळते. मूळ रंग सापडला की त्याचा फोटो काढावा, तो कंपनीचा असल्याचे सर्वांना सांगावे आणि मग गाडी पूर्ण खरवडून त्याच छटेचा आजचा चकचकीत टू-के पेंट मारावा. शेवटी एकच मूळ थर उरला होता, तोही गेला. पण आता त्यात तोंड दिसते. नव्या फियाटमध्ये कधी कुणाला तोंड दिसले नव्हते आणि तिच्या दारांच्या फटीही एकसारख्या नसायच्या, असे तेव्हा नंबर लावून काही वर्षे वाट पाहून गाडी घेतलेले लोक सांगतात. त्यांचे ऐकू नये.

पोचा आलेल्या पत्र्यावर लांबी भरली असेल तर ते हुडकायला काही खवट लोक रुमालात लोहचुंबक गुंडाळून रॅलीत फिरतात. ते दिसताच गाडीवर कव्हर घालावे.

सीट रेक्झिनची. शोरूमचे प्लास्टिक त्यावर तसेच असेल तर काढू नये. त्या काळी कुणीच काढले नव्हते.

इंजिनबद्दल मात्र माझे मत जरा कर्मठ आहे. 1089 सीसी, चाळीसएक हॉर्सपॉवर, आणि गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर. यात काही जण अल्टरनेटर घालतात, गिअर खाली आणतात, एसी बसवतात, जुन्या रेडिओच्या खोक्यात ब्लूटूथ लपवतात. याला 'रेस्टोमॉड' म्हणतात आणि ती आरामशीर असते. पण फियाटचा आत्मा उन्हाळ्यात, घाट चढताना प्रकट होतो. पेट्रोल पंप तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटर उपाशी राहतो आणि गाडी वळणावर शांतपणे थांबते. मग बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवायचे आणि कुटुंबाने दरीकडे पाहत डबा खायचा. ज्या जीर्णोद्धारात इलेक्ट्रिक पंप बसवून हा विधी संपवला आहे त्याला मी अस्सल मानणार नाही. फडके सुती असावे. मायक्रोफायबर चालणार नाही.

खरी पंचाईत अलीकडे झाली आहे. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक संघटनेने एक सनद केली आणि तिला नाव दिले फियाटच्याच गावाचे, तुरिनचे. ती सनद म्हणते की आधी जे आहे ते जपा. बदलावे लागलेच तर बदललेला भाग ओळखू येईल अशी बारीक खूण करा आणि सगळ्याची नोंद ठेवा. कारखान्यातून आल्यासारखी कोरी करणे ही जपणूक नव्हे. त्यातच 2024 मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या प्रदर्शनात सर्वोच्च बक्षीस बुगाटीच्या 1934 सालच्या टाइप 59 ला मिळाले, आणि ती कोरी न करता जुन्या खुणांसकट जपलेली होती. असे त्या प्रदर्शनात पहिल्यांदाच घडले. आता ज्यांनी चकचकीत केले ते हळहळत आहेत, आणि नव्याने जुना गंज करून देणारे कारागीर निघाले आहेत. रंगाचे दोन-तीन थर द्यायचे, कोपरे घासायचे, मिठाचे पाणी शिंपडायचे. कोकणातल्या गाड्या इतकी वर्षे हे फुकट करत होत्या.

सनदेतली वहीची सूचना, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, खरोखर पाळण्यासारखी आहे. काय काढले, काय घातले, कधी, कुणी. आणि काढलेले भाग एका पेटीत. ही वही दाखवणारा मालक मला चुकून एखाददुसराच भेटला, आणि त्याच्या गाडीबद्दल कुणी वाद घातलेला मी ऐकला नाही.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा प्रश्न साधकांनी विचारू नये, तरी कुणी तरी विचारतोच. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून बाद झाली. टॅक्सीला विसाव्या वर्षी निवृत्ती, खासगी गाडीला पन्नासाव्या वर्षी सन्मान. पहिल्या पद्मिन्यांना आत्ता कुठे पन्नाशी लागली. शिवाय टॅक्सीला अस्सल कसे करणार? सीएनजीची टाकी, छताला फुलाफुलांचे कापड, तीन वेगवेगळ्या गाड्यांचे दरवाजे : हेच तिचे मूळ रूप. परीक्षक त्याला फेरफार म्हणतील, आणि सगळे काढून कोरी केलेल्या पद्मिनीला गुण देतील, जिच्यात मुंबईतला एकही माणूस कधी बसला नव्हता.

राहिली रॅली. गाडी ट्रेलरवरून न्यावी, शेवटचे शंभर मीटर चालवावी. जोधपुरी कोट व फेटा ऐच्छिक आहे. फियाटच्या मूळ मालकांनी यांपैकी काही घातल्याचा पुरावा नाही. काचेवर 'कृपया हात लावू नये' अशी पाटी लावावी आणि मुलांवर डोळा ठेवावा. झेंडा दाखवला की गाडी बहुधा सुरू होणार नाही. तेव्हा न बोलावता पाच-सहा माणसे मागे येऊन उभी राहतील, कारण फियाटला धक्का द्यायला या राज्यात कुणाला शिकवावे लागत नाही. त्यांनी डिकीवर हात ठेवण्याआधी पाटी काढून घ्यावी.