श्रद्धा, सबुरी आणि अनिवासी खाते

शिर्डीतील दानपेट्यांची मोजदाद होते, तेव्हा रुपयांच्या राशीत परदेशी नोटाही निघतात. पैसा गावात येण्यास पेटीची एक फट पुरते. उलट दिशेचा प्रवास मात्र १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या वाटेने होतो. हार-पेढ्यांच्या गाळ्याचा मालक नोकरीसाठी दुबईस गेला, की त्याचे जुने बचत खाते ‘अनिवासी सामान्य’, म्हणजे परदेशस्थाची भारतातील मिळकत जमा होणारे खाते, करून घ्यावे लागते आणि भाडेकरूवर मूळस्रोती करकपातीची, म्हणजे रक्कम मालकाच्या हाती पडण्यापूर्वीच सुमारे ३० टक्के कर कापून सरकारजमा करण्याची, जबाबदारी येते. अशा रीतीने पेढेवाला आयकर खात्याचा बिनपगारी कारकून होतो. कर वजा जाता उरलेले भाडे ‘चालू उत्पन्न’ ठरत असल्याने ते बाहेर नेण्याची कायद्याने पूर्ण मुभा आहे. फक्त ही मुभा आणि प्रत्यक्ष पैसा यांच्यामध्ये घोषणापत्र, बहुधा सनदी लेखापालाचा दाखला आणि बँकेतील टेबलांची परिक्रमा एवढेच उभे असते. पेशवाईत पुण्याच्या पेढीने लिहिलेली हुंडी, म्हणजे दूरच्या गावी रक्कम चुकती करण्याची लेखी आज्ञा, काशीला वटत असे. तिच्यासोबत दुसरा कागद जोडण्याची कल्पना त्या मागासलेल्या काळाला सुचली नसावी. साईबाबांच्या शिकवणीतील श्रद्धा आणि सबुरी या शब्दांची वाटणी आता स्पष्ट झाली आहे: शिर्डीत येणाऱ्या पैशाला श्रद्धा लागते आणि शिर्डीतून जाणाऱ्याला सबुरी.