स्टेपनी आणि भडंग

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीपासून साधारण ४० किलोमीटरवर डेम्पस्टर हायवे सुरू होतो आणि जवळजवळ पूर्णपणे खडीवरून ७०० हून अधिक किलोमीटर उत्तरेला, इनुविकपर्यंत जातो. पहिला पेट्रोलपंप ३६९व्या किलोमीटरला, ईगल प्लेन्सला. पुणं सोडल्यावर बेळगाव मागे पडेपर्यंत पंप नाही, धाबा नाही, चहाची टपरी नाही, असा हिशोब.

या रस्त्याने जायचं आम्ही एडमंटनमधल्या काही मराठी कुटुंबांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे बैठका सुरू केल्या. प्रत्येक बैठकीला बटाटेवडे असल्यामुळे निर्णयाची घाई कुणालाच नव्हती. एका उत्साही मित्राने तेवढ्यात हॉटेल आरक्षित करून टाकलं, पण डॉसन सिटीऐवजी डॉसन क्रीकला. दोन्हींमध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे. "वाटेतच लागतं ना?" असं तो अजूनही म्हणतो, आणि ते खरं आहे.

आमचे खरे तज्ज्ञ म्हणजे सांगलीहून आलेले सासरे, अण्णा. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. युकॉन महाराष्ट्राच्या दीडपट मोठा आणि वस्ती ५० हजारांच्या आत, हे ऐकून मित्र खूश झाला, "म्हणजे गर्दी नाही!"

"म्हणजे गाडी ढकलायलाही कोणी नाही," अण्णा म्हणाले.

इथली खडी धारदार असते, टायर फाडते, म्हणून जाणकार दोन स्टेपन्या न्यायला सांगतात. अण्णांना हे पटलं. पटलं नाही ते डांबर नसणं. खालची जमीन कायमची गोठलेली. उघडी पडली तर वितळून रस्ताच खचेल, म्हणून तिच्यावर खडीची जाड गादी घातली आहे, हे मी समजावलं. "खड्डे पडायला इतकं शास्त्रशुद्ध कारण आमच्या डेपोत कधी कुणाला सुचलं नाही," ते म्हणाले. या रस्त्याचे काही पट्टे विमानांसाठी धावपट्टी म्हणूनही वापरतात, हे कळल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "साइड कोणी द्यायची?"

आता डिकी. तिथे दोन स्टेपन्या, पेट्रोलचा कॅन आणि तंबू ठेवायचे होते, तर बायकोने आधीच डबे रचलेले. ते कमी व्हावेत म्हणून मी इतिहास काढला. १९१० च्या डिसेंबरात इन्स्पेक्टर फिट्झजेराल्डची चौघांची पोलीस गस्त फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाली. वेगात पोचायचं म्हणून सामान हलकं ठेवलं, वाटाड्याला मध्येच परत पाठवलं, वाट चुकली, चौघेही गेले. त्यांचा माग काढणाऱ्या कॉर्पोरल डेम्पस्टरचं नाव या रस्त्याला दिलं आहे. मला वाटाड्याचं महत्त्व सांगायचं होतं.

"बघा," बायको म्हणाली, "शिधा कमी नेला!" यादीत भडंगाचं आणखी एक पोतं चढलं.

त्यात अण्णांचा नियम सूर्यास्ताआधी जेवायचा. उन्हाळ्यात इनुविकला ५० हून अधिक दिवस सूर्य मावळतच नाही, हे मी सहज बोलून गेलो. "मग आपण मोकळे," म्हणत त्यांनी दशम्या वाढवायला सांगितल्या.

अस्वलांचा प्रश्न उरला. त्यांना वासाने आमंत्रण जातं, म्हणून तंबूत खाणं ठेवायचं नाही. आमच्याकडे लसणाची चटणी आहे. अस्वलासाठीचा फवारा मच्छरांच्या मलमासारखा अंगाला लावायचा नसतो, हे मित्राला दोनदा सांगावं लागलं. त्यात मिरचीचा अर्क असतो, हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग ठेचाही घ्या."

पील आणि मॅकेन्झी या नद्यांवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात बर्फावरून गाडी, आणि मधल्या काळात काठावर बसायचं. म्हणून जुलै पक्का केला. तुम्हीही तेव्हा तिकडे येणार असाल तर स्टेपन्या स्वतःच्या आणा. आमच्याकडे एकच मावली आहे. भडंग आणू नका.