हत्तीचं डुक्कर आणि चांदीचा भाव

सोनं घेणारा माणूस श्रीमंत दिसतो, चांदी घेणारा नुसताच हौशी. सोन्याला बँकेत लॉकर असतो, चांदीला देवघराखालचा खण. सोनं अडीअडचणीसाठी असतं, मुलीच्या लग्नासाठी असतं, एका जावेला दाखवण्यासाठी आणि दुसरीपासून लपवण्यासाठी असतं. चांदीच्या वाट्याला येतात ते बारशाचे वाळे, उष्टावणाची वाटी आणि काय द्यावं ते सुचलं नाही की आहेरात दिलं जाणारं निरांजन. चांदीचं नाणं तर याच्याही खालच्या पायरीवर. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, लाह्या-बत्ताशांच्या शेजारी त्याला पाटावर बसायला मिळतं, हळदकुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खणात जातं ते पुढच्या आश्विनापर्यंत.

निदान परवापर्यंत असंच होतं. मग चांदी किलोला लाखावर गेली, लोकांचं 'अबब' म्हणून व्हायच्या आत २०२५च्या अखेरीस दोन लाखांच्याही पुढे गेली आणि त्या खणाकडे बघण्याची सगळ्या घराची नजर बदलली. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर चांदीची अशी टंचाई झाली, की काही फंड कंपन्यांनी आपल्या चांदीच्या फंडांत नवे एकरकमी पैसे घेणंच काही दिवस थांबवलं. 'पैसे नकोत' असं फंड कंपनी म्हणते, हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

या तेजीत घरातली माझी पत अचानक वाढली. जुनी नाणी जमवणारा माणूस हा एरवी निरुपद्रवी प्राणी समजला जातो. तो पत्ते खेळत नाही, कुठे जात नाही, कोपऱ्यात भिंग घेऊन बसतो, एवढंच त्याच्याबद्दल बरं बोललं जातं. आता तोच माणूस दूरदृष्टीचा ठरला. माझा मेहुणा आजवर माझ्या अल्बमकडे आजारी माणसाच्या चौकशीला आल्यासारखा बघायचा. तो यंदा भाऊबीजेला आला, बहिणीकडून ओवाळून घेतलं आणि पाटावरून उठता उठता मला म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे एकूण किती ग्रॅम भरेल हो?"

ग्रंथपालाला 'तुमच्याकडे एकूण किती किलो पुस्तकं आहेत?' असं विचारलं तर त्याचा चेहरा जसा होईल, तसा माझा झाला असावा.

"वजन कधी केलं नाही," मी म्हणालो.

"मग गुंतवणूक केलीत कशाला?"

मेहुण्याची स्वतःची गुंतवणूक शास्त्रशुद्ध आहे. २०२२ साली आपल्याकडे चांदीचे ईटीएफ आले, तेव्हापासून तो चांदी घेतो. फक्त ती त्याने अजून पाहिलेली नाही. ती कुठल्याशा तिजोरीत विटांच्या रूपात आहे आणि त्याच्या मोबाइलवर आकड्यांच्या रूपात. तिला घडणावळ नाही, घट नाही, ती काळी पडत नाही. पेढीवरच्या नाण्याला तो हसतो, आणि त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. घेताना भाव, वर घडणावळ, त्यावर ३ टक्के जीएसटी. आणि घेताना ज्या सराफाने 'नऊशे नव्व्याण्णव टंच' म्हणून छातीवर हात ठेवलेला असतो, त्याच्याचकडे तेच नाणं मोडायला न्या, तो ते बोटांत फिरवतो, खिडकीच्या उजेडात धरतो आणि म्हणतो, "बघावं लागेल."

पण मेहुण्याचं आणि माझं भांडण घडणावळीचं नाही. गुंतवणूकदाराला सगळी नाणी एकासारखी एक हवी असतात. दहा ग्रॅम म्हणजे दहा ग्रॅम. वर लक्ष्मी असो, गणपती असो नाही तर एखाद्या कंपनीचं बोधचिन्ह असो, त्याला फरक पडत नाही. संग्राहकाला एकासारखं दुसरं दिसलं की दुसऱ्यातली गोडीच संपते. त्याला जे चुकलंय ते हवं, जे राहून गेलंय ते हवं. राणीछाप रुपयांवर १८६२ हे साल पुढची दहा-बारा वर्षं तसंच छापत राहिले आणि नाणं खरं कुठल्या वर्षीचं, याचा सुगावा नक्षीतल्या बारीक ठिपक्यांवरून लावायचा. मी ते ठिपके मोजतो. मेहुणा माझ्याकडे बघतो. दोघांनाही एकमेकांची काळजी वाटते.

त्या दिवशी त्याला पटवायला मी दोन रुपये काढले. दोन्ही पाचव्या जॉर्जचे, एक १९११चा, एक १९१२चा. त्याने आधी स्वयंपाकघरातून केक करायचा इलेक्ट्रॉनिक काटा आणवला. वजन अकरा ग्रॅम आणि वर काही. मूळ माप ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर एक तोळा. कंपनी सरकारने १८३५ साली सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला तो याच मापाचा: १८० ग्रेन वजन, बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याआधी अंकुशी, चांदवडी असे ठिकठिकाणचे रुपये चालायचे आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी गेला की सराफ त्याला बट्टा लावायचा.

"म्हणजे शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम," मेहुण्याने तोंडी हिशेब केला. "दोन्हींची सारखीच. मग?"

मी त्याच्या हातात भिंग दिलं. राजाच्या खांद्यावर झगा आहे, झग्यावर साखळी आहे, साखळीत एक हत्ती आहे. १९११च्या नाण्यावर कारागिराने त्याची सोंड आखूड काढली आणि पाय बुटके. भिंगातून बघितलं की राजाच्या छातीवर चक्क डुक्कर दिसतं. लोकांनाही तसंच दिसलं. विशेषतः मुसलमान समाजात नाराजी पसरली, सरकारने घाईघाईने हत्ती सुधारून घेतला आणि १९१२च्या रुपयावर सोंड झोकात लांब झाली. डुकराचे रुपये बाजारात थोडेच गेले होते. टांकसाळीत पडून असलेले बहुतेक वितळवून टाकले. वितळवले म्हणूनच आज १९११चा रुपया शेजारच्या सालापेक्षा कितीतरी महाग.

"म्हणजे हत्ती चुकला म्हणून जास्त पैसे?"

"हत्ती चुकला म्हणून नाही. वितळवला म्हणून."

हे उत्तर मी सहज दिलं होतं, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, चांदीच्या रुपयाची सगळी कुंडली या एका वाक्यात आहे. या नाण्याच्या पोटात धातू आणि तोंडावर छाप, आणि दोघांचं कधी पटत नाही. धातू स्वस्त झाला की छापाची चलती. १८९३ पर्यंत कुणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी न्यावी, थोडा आकार भरावा आणि रुपये पाडून आणावेत, अशी सोय होती. जगात चांदी उतरत गेली, तिच्याबरोबर रुपया उतरत गेला, शेवटी सरकारने ती खिडकी बंद केली. त्यानंतर रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर धरून ठेवली गेली. या सगळ्या उलाढालीवर डॉ. आंबेडकरांनी लंडनमध्ये प्रबंध लिहिला, 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', आणि १९२३ साली तो पुस्तकरूपाने आला. रुपयाचा प्रश्न काय असतो हे महिन्याच्या अखेरीस आपल्यालाही कळतं, पण त्यावर त्यांच्याइतकं खोलात कुणी शिरत नाही.

धातू महाग झाला की मात्र उलटं होतं. पहिल्या महायुद्धात चांदी भडकली आणि रुपयातली चांदी रुपयापेक्षा जड व्हायला लागली. आपली माणसं अशा वेळी भाषणं करत नाहीत, गाडगी शोधतात. नाणी चुलीमागे गेली, जमिनीखाली गेली, सोनाराच्या मुशीत गेली. सरकारकडे द्यायला रुपये उरेनात. मग ३० नोव्हेंबर १९१७ला एक रुपयाची कागदी नोट निघाली आणि तिच्यावर काय छापलं होतं? पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचं चित्र. जेवायला बोलावून ताटाचा फोटो दाखवायची ही पद्धत तेव्हा नवी होती.

चित्रावर भागेना, तेव्हा इंग्रजांनी अमेरिकेकडे हात पसरला. तिथे १९१८च्या एप्रिलमध्ये पिटमन कायदा झाला आणि अमेरिकेच्या खजिन्यातले २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यांतली जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानसाठी होती. ती इकडे आली आणि तिचे रुपये पडले. १९१८ सालचे रुपये चाळीस कोटींहून जास्त आहेत. आजही आजीच्या डब्यात हमखास सापडतो तो याच सालचा. डॉलरवरच्या लिबर्टीबाईंना वितळवून त्यांचा दाढीवाला जॉर्ज झाला आणि तो आपल्याकडच्या गाडग्यात जाऊन बसला. तिकडे अमेरिकेत मात्र त्या डॉलरांपैकी कुठल्या सालचे किती उरले याचा पत्ताच लागेनासा झाला, आणि तिथले संग्राहक आजतागायत उरल्यासुरल्यांसाठी चढ्या किमती मोजतात. आपल्या पणजीने चुलीमागे पुरलेल्या नाण्यांचं बिल असं टेक्सासमधला कुणी गृहस्थ भरतो आहे.

टेक्साससुद्धा या गोष्टीत पुढे आलंच. तिथल्या हंट बंधूंनी १९७९मध्ये जगातली मिळेल तेवढी चांदी उचलली. औंसाला सहा डॉलरचा भाव वर्षभरात पन्नासच्या जवळ नेला, आणि १९८०च्या मार्चमध्ये तो एका गुरुवारी अकराच्या खाली कोसळला. मधल्या काळात अमेरिकेत घराघरांतली नाणी, काटे-चमचे, ट्रॉफ्या भट्टीत गेल्या. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आता तसं होणार नाही, सोलर पॅनेलला चांदी लागते." २०११ सालीही भाव पन्नासला टेकायला आला होता आणि २०१५ संपताना चौदाच्या खाली होता. त्या वेळीही काही ना काही कारण होतंच. तेजीच्या काळात कारणांचा तुटवडा कधीच पडत नाही.

आपल्याकडे चांदीने रुपयाची साथ हळूहळू सोडली. १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. राणीचे, सातव्या एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे जुने रुपये सरकारने एकामागून एक परत मागितले, आणि १९४७चा रुपया निकेलचा निघाला. वर वाघ होता, आत चांदी नव्हती. पुढे चांदी परतली ती स्मारकापुरती. १९६९मध्ये गांधी शताब्दीला दहा रुपयांचं नाणं निघालं, १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. जन्मभर अपरिग्रह सांगितलेल्या माणसाला आपण साठवून ठेवण्यासाठीच घडवलेल्या नाण्यावर बसवलं. त्या नाण्यात मेहुण्याला १२ ग्रॅम चांदी दिसते. खरेदीला ते दहाच रुपयांचं.

जुनं नाणं घ्यायला मी पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. बुधवारी आणि रविवारी भरतो. गंजलेल्या पकडी, दुर्बिणी, ग्रामोफोनचे कर्णे यांच्यामध्ये एका फडक्यावर राणी पसरलेली असते. "खोदकामात सापडलंय साहेब, ओरिजिनल," विक्रेता सांगतो. महाराष्ट्रात एवढी खोदकामं चालू असतील असं रस्ते बघूनही वाटत नाही. खरोखर सापडलं असेल तर १८७८चा गुप्तधनाचा कायदा अजून जिवंत आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. जिल्ह्याच्या कलेक्टरला, माझ्यासारख्या नव्हे. तर मी ते नाणं उचलतो, नखावर तोलतो आणि फरशीच्या तुकड्यावर टाकतो. खरी चांदी लांबवर वाजत राहते. ओतीव नक्कल 'बद्द' करते आणि गप्प बसते. विक्रेता लगेच दुसरं फडकं उघडतो. "हे वाजवून बघा," तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजात राग नसतो, आदर असतो.

घरी आणल्यावर खरं संकट असतं ते स्वच्छतेचं. लक्ष्मीपूजनाच्या आधी आमच्याकडे चांदी घासायचा कार्यक्रम असतो. काळी पडलेली चांदी ठेवणं म्हणजे घरच्या बाईच्या हाताला बोल. संग्राहकांच्या जगात त्याच काळपटपणाला 'टोन' म्हणतात, त्याची निळी-जांभळी झाक असेल तर जास्त पैसे मोजतात आणि घासलेल्या नाण्याकडे, भादरलेल्या मांजराकडे बघावं तसं बघतात. त्यामुळे नवरात्र संपलं की माझी नाणी घराबाहेर काढायची जागा मी शोधू लागतो. अमेरिकेतल्या भाच्याकडे पाठवावीत म्हटलं तर तेही जमत नाही. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. टूथपेस्टपासून त्याला वाचवणारा कायदा मात्र अजून झालेला नाही.

तर सध्या भाव चढा आहे. सराफांकडे लोक डबे घेऊन रांगेत आहेत आणि त्या डब्यांत १९१८चे रुपये आहेत, १९०७चे आहेत, कुणी न बघितलेले ठिपकेही असतील. साल कुणी बघत नाही, काटा बघतात. मला आधी याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. भट्टीत गेलेला प्रत्येक रुपया मागे राहिलेल्याला थोडा दुर्मीळ करून जातो. म्हणजे जगातले सगळे गुंतवणूकदार, माझ्या मेहुण्यासकट, रात्रंदिवस माझा संग्रह वाढवायच्या कामाला लागलेले आहेत आणि त्याबद्दल एक पैसाही मागत नाहीत. म्हणून हल्ली कुणी 'आजीचे रुपये आहेत, काय करू?' असं विचारलं, की मी अत्यंत निःस्वार्थ चेहऱ्याने सांगतो, भाव चांगला आलाय, खुशाल मोडा. फक्त मोडायला नेण्याआधी एकदा माझ्याकडे घेऊन या. साल तेवढं बघू.