आमचं जपानी पुरण

जपानी मिठाई घरी करायची तर साहित्य मिळवण्यापेक्षा सासूबाईंची परवानगी मिळवणं अवघड. भाचीला नेरिकिरी करायची होती. पांढऱ्या घेवड्याचं गोड पुरण, त्यात चिकट तांदळाच्या पिठाचा शिजवलेला गोळा मळायचा, रंग द्यायचा आणि हाताने फूल घडवायचं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे पुरणच. पोळी कुठाय?"

पोळी नाही म्हटल्यावर त्यांचा जपानवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आमच्या तारोडी गावात पांढरा घेवडा कोण ठेवतो? भाईंदर स्टेशनजवळच्या बाजारातून चवळी आणली. जपानी लोक लाल पुरण ज्या अझुकीचं करतात, तिची ही चुलत बहीण. तिकडेही चवळीला मान आहे. सणाच्या लाल भातात अझुकी शिजताना फुटते. फुटलेलं पोट पाहून सामुराईंना हाराकिरी आठवे, म्हणून एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, भातात चवळी घालू लागले असं सांगतात. आमच्या चवळीचं मात्र आम्ही सालच काढलं. त्याबरोबर तिचा काळा डोळाही जातो. "सोलायचंच आहे तर वाल सोला," सासूबाई म्हणाल्या, "निदान बिरडं तरी होईल."

चिकट तांदळाच्या पिठाला किती पैसे पडले ते इथे लिहीत नाही. सासूबाई मासिकं वाचतात.

शिजलेली चवळी चाळणीतून घासली, पंच्यात पिळली, साखर घालून आटवली. पुरण झालं हे कशावरून ओळखायचं, ते भाची मोबाइलमध्ये शोधत होती. मी कालथा मधोमध रोवला. उभा राहिला. झालं.

खरी गंमत रंगात. बिटाचा रस आटवून थेंबाथेंबाने मळला की सुरेख गुलाबी येतो. जास्त झाला की गोळा सैल पडतो. पालकाचा हिरवा रंग दिसतो छान, पण वासाने पालकच राहतो. गोकर्णाच्या फुलांचा निळा सगळ्यात देखणा. हळदीचा पिवळा आम्हाला नवा नव्हता. त्यात चिमूटभर खायचा सोडा पडला तर तो लाल होतो हेही घरात सगळ्यांना माहीत. "मग कुंकूच करा," इति सासूबाई.

फुलं घडवायला शेजारच्या मावशी आल्या. नाताळात काजूचं मार्झिपान करून त्यांचे हात बसलेले. वसईचे संत गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले, त्यामुळे मावशींना जपान परका वाटत नाही. जपानची कोनपेइतो ही साखरेची रंगीत खडी 16व्या शतकात पोर्तुगीजांनीच तिकडे नेली. मावशींनी टूथपिकने पाकळ्यांच्या रेघा अशा ओढल्या की भाची व्हिडिओ बंद करून त्यांच्याकडेच बघत बसली.

जपानात एका माणसाला एकच नेरिकिरी देतात. आधी डोळे भरून पाहायची, मग कडू हिरव्या चहाआधी खायची. आमच्या ह्यांनी चार एकदम उचलल्या आणि म्हणाले, "लहान झाल्यात."

तुम्ही करणार असाल तर रंग पुरण गार झाल्यावरच मळा, नाहीतर बिटाचा गुलाबी तपकिरीकडे झुकतो. सोबत बिनसाखरेचा चहा द्या. आणि घरात पुरणपोळीवर वाढलेली माणसं असतील, तर त्यांना आधी पोटभर जेवू घाला.